दीडशे मिली

तळेगाव चौकात गाड्या थांबून अठरा मिनिटं झाली होती. बुद्धरत्न मिनिटं मोजत नव्हता, ती त्याला आपोआप कळत. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे त्याची मोटारसायकल आणि डोक्यावर वैशाखातलं पाच वाजताचं ऊन, जे चाकणमध्ये खालूनही येतं, डांबरातून, इंजिनांतून. दुभाजकावर एक म्हातारी बसली होती. पायाशी कांद्याची पिशवी, पदर कपाळावर ओढलेला. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "लेकरा, घोटभर पाणी हाय का रं?"

"नाही," तो म्हणाला.

बाटली त्याच्या बॅगेच्या बाजूच्या जाळीत होती. एक लिटरची, कंपनीतून निघताना कूलरवर भरलेली, बाहेरून घाम आलेली. म्हातारीनं बाटलीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग "बरं" म्हणून पदर पुन्हा खाली ओढला, जणू चूक तिचीच, तिनं भलत्या माणसाला विचारलं. कंटेनर हलला. मागून हॉर्न, "ओ भाऊ, झोपला का?", आणि त्याचा पाय गिअरवर पडला, हात क्लचवरून सुटला. कुरुळी गेली, चिंबळी फाटा गेला, इंद्रायणीचा पूल आला, पुलाखाली नदीवर पांढरा फेस, तरी ते 'नाही' अजून तोंडात होतं. त्यानं ते विचार करून म्हटलं नव्हतं. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतो आणि पाय उडतो, तसं. कुणी पाणी मागितलं की नाही म्हणायचं. आठ महिने त्यानं घरात एवढंच केलं होतं. आता समोर मागणारं कुणी उरलं नव्हतं, वर्ष होत आलं होतं, तरी तोंड आपली ड्युटी करत होतं.

तसा नाही म्हणण्याचा त्याला पगारच मिळतो. चाकणच्या कंपनीत तो क्वालिटीत आहे. इंजिनात बसणारे छिद्र असलेले भाग त्याच्या टेबलावर येतात आणि त्याच्या हातात पोलादी गेज असतं. गेजचं एक टोक छिद्रात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरं गेलं की लाल रंगाचा ठिपका आणि माल भंगारात. मशीनवरचा ओंकार, मोशीतल्या जुन्या शेतकरी घरातला, रोज एकदा तरी म्हणतो, "भावा, तुझं नाव बुद्ध कुणी ठेवलं रं? बुद्धाकडं करुणा असती. तुझ्याकडं नुसता लाल रंग." लाइनवरची सगळी हसतात. तोही हसतो. पूर्वी मनापासून हसायचा. त्याला वाटायचं, जगात भांडणं होतात कारण लोक अंदाजानं बोलतात. मोजलं की भांडण मिटतं.

म्हणून बाबांची बाटलीही त्यानंच बनवली. कोंडीराम, त्याचे वडील, भोसरीच्या फोर्जिंग शॉपमध्ये एकतीस वर्षं हॅमरवर होते. लाल झालेलं लोखंड, वरून पडणारा घण, आणि शेजारी माठ. पाळीला बारा तांबे पाणी प्यायचा तो माणूस, एका दमात तांब्या रिकामा करायचा, मिशी पुसायचा आणि म्हणायचा, "हां. आता या." त्याच माणसाच्या किडन्या साखरेनं खाल्ल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. हॉस्पिटलमध्ये सांगितलं, दिवसाला सातशे मिली. त्यात पाणी आलं, चहा आला, आमटीचं पाणी, ताक, सगळं. बुद्धरत्ननं एका पारदर्शक बाटलीवर मार्करनं रेघा मारल्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. चहा झाला की तेवढं पाणी तो बाटलीतून बेसिनमध्ये ओतून टाकायचा. बाबांच्या डोळ्यांदेखत. त्यांना खिजवायला नव्हे, नंतर वाद नको म्हणून. बाबा बेसिनच्या जाळीकडे बघत राहायचे. नर्सनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दादा, पाण्यासाठी सगळे पेशंट खोटं बोलतात. देवमाणूस असला तरी बोलतो. तुम्ही ऐकायचं नाही." हे वाक्य त्याला आवडलं होतं. त्यात धरायला जागा होती.

आणि ऐकलं एकदा, तर काय झालं? होळीच्या सुमारास बाबांनी 'नुसतं तोंड धुतो' म्हणून बाथरूममध्ये नळाखाली तोंड धरलं. किती प्याले कुणास ठाऊक. तासाभरात ओठ निळे, छातीत पाण्याचा आवाज, बसता येईना, आडवं होता येईना. रिक्षात बाबांचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि प्रत्येक श्वास म्हणजे कुणीतरी ओल्या पोत्यातून हवा ओढावी तसा. वाचले. घरी आल्यावर त्यानं पान्ह्यानं बाथरूमच्या नळाचं मुंडकं काढलं आणि कंपनीच्या बॅगेत टाकलं. विमलबाई, त्याची आई, दारात उभी राहून बघत होती. "आरं, मला हात धुवायला तरी," एवढंच ती म्हणाली. पुढचं गिळलं. त्या दिवसापासून घरातलं पाणी त्याच्या बॅगेत चाकणला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. चूक काय होतं त्यात? एकेक गोष्ट सुटी घेऊन तपासली तर चूक सापडत नाही. त्यानं वर्षभर तपासली आहे.

बाबा गावाकडचं फार बोलत नसत. एकदाच बोलले. मोशीच्या या दोन खोल्यांत पहिल्यांदा स्वतःचा नळ आला तेव्हा, बुद्धरत्न सातवीत असेल. नळ सोडला, पेला भरून वाहू दिला, तसाच वाहू दिला, आणि हसत हसत, जसं दुसऱ्याच कुणाची गंमत सांगावी तसं सांगितलं. लातूरकडचं गाव. विहिरीला हात लावायचा नाही. विहिरीपासून दहा पावलांवर आईबरोबर उभं राहायचं, कुणी येईल, कुणाला दया येईल. मग खाली बसायचं, दोन्ही तळवे जोडून तोंडाशी धरायचे आणि ते लोक वरून ओतायचे. अर्धं पोटात, अर्धं कोपरापर्यंत. "कोपर चाटायचो मी. आणि ओतणाऱ्याचा हात दुखला की संपलं. अजून द्या म्हणायची सोय न्हवती." मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून म्हणाले, "त्यांनी तळ्यात हात घातला म्हणून आज तू नळाला हात लावतोस, कळलं का? पेला अर्धा द्यायचा न्हाई आपल्या घरात कुणाला." आणि खरंच, त्यांनी भरलेला पेला नेहमी सांडायचाच. आई ओरडायची. फरशी ओली.

घराच्या दारात चपला होत्या, मोठ्या, टाचा झिजलेल्या. ज्योतीरामकाका आले होते. भोसरीला बाबा घण चालवायचे तेव्हा हे सांडशीनं लोखंड धरायचे, त्या आवाजानं एक कान गेला, म्हणून सगळ्या जगाशी ओरडून बोलतात. विहाराच्या कमिटीचे आता तेच सेक्रेटरी.

"जय भीम, साहेब! आलं का चाकण? आम्हाला वाटलं आता पौर्णिमा करूनच येताय."

"जय भीम, काका. ट्रॅफिक."

"उद्या वाचन तू करायचंस."

"मला नाही जमणार, काका. कंपनी आहे."

"सुट्टी टाकलीय त्यानं," आई आतून म्हणाली.

"बघ! घरातूनच माल रिजेक्ट झाला तुझा." काका मांडीवर थाप मारून हसले. "आरं वाचायला काय लागतं? डोळं लागत्यात. तीस वर्षं कोंडीरामदादानं वाचलं, तो काय प्राध्यापक होता? त्याचीच वही आहे, त्यातलंच वाचायचं. आणि हे बघ, पाणपोईचा बोर्ड. आजच पेंटरनं फोटो पाठवला."

मोबाइलवर निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं होती. कालकथित कोंडीराम यांच्या स्मरणार्थ थंड पाण्याची सोय. आणि त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ: मुलाच्या हातचे पाणी पिऊन पौर्णिमेस शांत झाले.

"पेंटर म्हणाला, जागा न्हाई. मी म्हटलं, बारीक काढ, पण काढ. असं मरण कुणाला येतं, राव? आमच्या कमिटीत चौघं गेली मागच्या दोन वर्षांत, कुणी आयसीयूत, कुणी रस्त्यावर. दादाचं सोनं झालं."

"सोनंच," आई म्हणाली आणि काकांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला. पदरानं तांब्याची कड पुसली. वर्षभरात ती हे वाक्य शेजारणीला, दूधवाल्याला, बसमधल्या अनोळखी बायकांना सांगत आली होती. पौर्णिमेला गेले, लेकाच्या हातचं पाणी पिऊन गेले. त्या वाक्यावर ती उभी होती. तिच्या गुडघ्यांपेक्षा ते वाक्य जास्त भक्कम होतं.

ते वाक्य त्यानंच तिला दिलेलं. गेल्या पौर्णिमेला मिरवणुकीतून ती परत आली, पांढऱ्या साडीत, कपाळावर घाम, हातात वाटलेल्या लाडवांची पुडी, आणि पलंगाकडे बघताच तिला कळलं. ती रडली नाही आधी. तिनं विचारलं, "मागितलं का काही?" तो म्हणाला, "पाणी." "दिलंस?" "दिलं." "प्याले?" "प्याले." मग ती रडली, आणि त्या रडण्यात इतकी सुटका होती की त्यानं ते शब्द परत घ्यायचे म्हणून जे तोंड उघडलं होतं ते मिटलं. उद्या सांगू. तेराव्याच्या जागी पुण्यानुमोदन होतं, त्यानंतर सांगू. पावसाळा जाऊ दे. आता पाटीवर रंगवून झालं होतं.

पौर्णिमा. सकाळपासून मोशीच्या विहारात पातेली, खिरीला उकळी, माणसं पांढऱ्या कपड्यांत. जन्म याच दिवशी, बोधी याच दिवशी, जाणंही याच दिवशी. कोंडीराम म्हणायचे, "भगवंतांनी तिन्ही पाळ्या एकाच तारखेला केल्या." संध्याकाळी सहाला वंदना झाली. पंख्यांचा आवाज, अगरबत्ती, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. ज्योतीरामकाकांनी माइकची गरज नसताना माइक घेतला आणि पाटीवरची बारीक ओळ मोठ्यानं सांगितली. सगळे वळून बुद्धरत्नकडे बघायला लागले. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आई बायकांच्या तिसऱ्या ओळीत होती, तिनं मान खाली घातली, लाजल्यासारखी.

वही म्हणजे एका बेअरिंग कंपनीची फुकटात मिळालेली डायरी. बाबांचं अक्षर घणासारखं, कागदात रुतलेलं. समासात सूचना: इथे थांबणे. इथे पोरांकडे बघणे. त्यानं वाचायला सुरुवात केली.

भगवंत ऐंशी वर्षांचे झाले होते. अंग जुन्या गाडीसारखे झाले होते, दोरीने बांधून चालवावे तसे. पावा गावी चुंद लोहाराने जेवण दिले. ते जेवण सोसले नाही. पोटात कळा, रक्त. तरी चालत राहिले. मग म्हणाले, चुंदाला कुणी दोष देऊ नका. त्याला सांगा, तुझे दान सुजाताच्या खिरीएवढेच मोठे. समासात: लोहार म्हणजे आपल्यातला. फोर्जिंगवाला. इथे बाबा नेहमी रडायचे. मरणारा माणूस, आणि त्याला काळजी कसली, तर आपल्या मागे या लोहाराला रात्री झोप लागेल का. त्यासाठी निरोप ठेवून जायचं. बुद्धरत्नला लहानपणी वाटायचं, एवढं काय त्यात. आता वाचताना वाटलं, ज्यानं दिलं त्याच्यासाठी निरोप आहे. ज्यानं दिलं नाही त्याच्यासाठी? त्यानं पान उलटलं.

वाटेत झाडाखाली बसले. म्हणाले, आनंदा, कापड अंथर, मी दमलो. आनंदा, पाणी आण. मला तहान लागली आहे.

आनंद म्हणाला, भगवंत, आत्ताच पाचशे गाड्या या ओढ्यातून गेल्या. पाणी गढूळ झाले आहे. ककुत्था नदी जवळच आहे. तिथे स्वच्छ पाणी आहे. तिथवर चला.

समासात, वेगळ्या शाईनं, बुद्धरत्नला नोकरी लागली त्या वर्षी लिहिलेलं: आनंद आपल्या रत्नासारखा. क्वालिटीत होता. बाबा इथे हा विनोद करायचे आणि सगळं विहार हसायचं. त्यानं तो वाचला नाही. पण समोरच्या दोनतीन म्हाताऱ्यांना आठवला असावा, ते आधीच हसले.

दुसऱ्यांदा भगवंत म्हणाले, आनंदा, पाणी आण. मला तहान

गेल्या पौर्णिमेची दुपार अशी होती. आई आणि सगळी आळी तीन वाजता मिरवणुकीला पिंपरीला गेली. बाबा पलंगावर, तो शेजारी खुर्चीत. साडेतीनला बाबांनी पाणी मागितलं, त्यानं दिलं, बाबा प्याले, डोळे मिटले.

नाही. परत.

दुपार अशी होती. साडेतीनला बाबांनी पाणी मागितलं आणि बाटली रिकामी होती, कारण सकाळी विहारातून आईनं वाटीभर खीर आणली होती आणि त्यानं तेव्हाच, बाबा झोपेत असताना, खिरीचे दीडशे मिली बेसिनमध्ये ओतून टाकले होते. डॉक्टरांनीच सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सात वाजता डायलिसिस. त्याचा नाइलाज होता. त्याला वाईट वाटलं. बाबा समजले. डोळे मिटले.

नाही. समजले नाहीत. परत.

दुपार. तो मांडीवर लॅपटॉप घेऊन कंपनीचा रिपोर्ट भरत होता. बाबा म्हणाले, "रत्ना, पाणी दे रं." तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंतचं संपलं, बाबा. खीर झाली ना." बाबा म्हणाले, "खीर न्हाई खाल्ली मी." त्यानं पलंगाखाली पाहिलं. वाटी रिकामी होती, चाटूनपुसून. "बाबा," तो म्हणाला. "खरंच न्हाई." "बाबा, वाटी रिकामी आहे. माझ्याशी खोटं बोलू नका." बाबा छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं, उद्याच्यातलं दे." तो म्हणाला, "उद्याचं उद्या." आणि तिसऱ्यांदा बाबा बोललेच नाहीत. त्यांनी सुजलेले दोन्ही हात पांघरुणातून काढले, तळवे जोडले आणि तोंडाशी धरले. ओंजळ. त्यानं कधी पाहिलेली नव्हती, ऐकलेली होती. त्यानं ती ओळखली. ओळखली नाही असं म्हणता येत नाही, लगेच ओळखली. आणि त्याच्या मनात आलं, हे मला लाजवायला करताहेत. त्यानं मान हलवली, नाही, आणि लॅपटॉप थोडा वळवला, स्क्रीन मधे येईल असा. ओंजळ काही वेळ तशीच राहिली. मग हात छातीवर उतरले, मिटलेलेच. त्याला वाटलं, झोपले. त्यानं रिपोर्ट पूर्ण केला. सव्वाचार वाजता पाठवला.

"रत्ना?" ज्योतीरामकाका कुजबुजले, म्हणजे सगळ्या विहाराला ऐकू गेलं. "पान चिकटलं का?"

त्यानं वही काकांच्या हातात दिली, उठला आणि लोकांच्या पायांमधून, मांड्या ओलांडत, बाहेर पायऱ्यांवर आला. अजून उजेड होता. कोपऱ्यावर पाणपोईपाशी पोरं पेल्यांनी एकमेकांना भिजवत होती. मागून चपलांचा आवाज आला. आई.

"चक्कर आली का? उन्हातून आलास, काही खाल्लं न्हाईस." ती त्याच्या शेजारी बसली, गुडघे धरून, हळूच. तिला वाटलं, वडिलांच्या आठवणीनं पोराला पुढचं वाचवेना. त्याला बरं वाटावं म्हणून, एखादी मिठाई पदराआड जपून ठेवावी आणि काढून द्यावी तशी म्हणाली, "तुला एक सांगू? सांगायचं न्हवतं. त्यांनीच सांगू नको म्हटलेलं, मीच सांगंन म्हणाले. त्या दिवशी ती खीर त्यांनी खाल्लीच न्हाई."

बुद्धरत्ननं तिच्याकडे पाहिलं.

"मला खायला लावली. मी म्हटलं, आवो, पौर्णिमेची हाय, चमचाभर तरी खावा. तर म्हणाले, न्हाई, तू खा. म्हणाले, खिरीचं दीडशे वाचलं तर मला दीडशे पाणी मिळंल दुपारी. मी म्हटलं, पोरगं दील का? तर काय म्हणाले माहिती?" ती हसली, डोळे भरलेले. "म्हणाले, दील की. मोजायला पक्का हाय तो. कुणाचं राहिलेलं बुडवायचा न्हाई." तिनं पदरानं नाक पुसलं. "मग मी मिरवणुकीत निवांत गेले बघ. म्हटलं, आज पोटभर पितील."

आत काकांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं होतं. एकेक शब्द ओरडून, चुकीच्या ठिकाणी थांबत. भगवंत ऐंशी. वर्षांचे झाले होते. बुद्धरत्नला वाटलं, आता गप्प बसलो तर तिला हे मिळेल. आयुष्यभरासाठी. निवांत. एवढं तरी आपण तिला देऊ शकतो. आणि त्याच वेळी त्याला कळलं की हाही तोच हिशेब आहे, कुणाला किती द्यायचं हे त्यानंच ठरवायचं, बाटली त्याच्याच हातात.

"मी दिलं नाही, आई."

"काय?"

"पाणी. मागितलं त्यांनी. तीनदा. मी दिलं नाही."

तिच्या चेहऱ्यावर अजून मघाचं हसू होतं, ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. "प्याले म्हणालास."

"खोटं बोललो."

"पण खीर... त्यांनी सांगितलं नसंल, खीर न्हाई खाल्ली म्हणून."

"सांगितलं. वाटी रिकामी होती. मी म्हटलं, खोटं बोलू नका."

"त्यांना म्हणालास?"

"हो."

"असंच? खोटं बोलू नका, असं?"

"हो."

वाटीसाठी असावं, तिचे हात काहीतरी शोधायला लागले, मांडीवर, पायरीवर. "मी विसळली न्हाई," ती म्हणाली. "उशीर झाला होता. बायका खाली हाका मारत होत्या. तशीच पलंगाखाली सरकवली." मग, "तिसऱ्यांदा काय म्हणाले?"

"बोलले नाहीत."

"मग?"

त्यानं हात वर केले, तळवे जोडले आणि तोंडाशी धरले. क्षणभरच. आईनं झडप घालून त्याची दोन्ही मनगटं पकडली आणि हात फाकवले, जोरात, लहान मुलाच्या हातून काच काढून घ्यावी तसे. "नको," ती म्हणाली. "नको. नको दाखवू." तिची पकड सुटत नव्हती. रस्त्यावरून गेलेल्या एका बाईनं "जय भीम, विमलताई" म्हटलं. आईनं मान हलवली. "जय भीम."

मग तिनं मनगटं सोडली. त्याच्या मनगटावर तिच्या बांगडीचा वळ उठला होता, तिनं तो अंगठ्यानं एकदा चोळला, सवयीनं, आणि लगेच हात काढून घेतला.

"तू आज घरी येऊ नकोस, रत्ना."

"आई."

"दीक्षाकडं जा. ताथवड्याला बस हाय अजून." दीक्षा त्याची बहीण. "मला आज तुझं तोंड बघवायचं न्हाई. तू माझा हायस, पण आज न्हाई बघवायचं." ती उठली. उठताना आधारासाठी तिचा हात त्याच्या खांद्याकडे आला, मधेच थांबला आणि भिंतीवर गेला. दारात ती वळली. "उद्या ये," म्हणाली. आणि आणखी एक पायरी चढून, त्याच्याकडे न बघता, "जेवून घे तिथं."

दारातून त्याला बायकांच्या ओळी दिसत होत्या. तिसऱ्या ओळीतल्या दोघी सरकल्या, ती मधे बसली, पाठ ताठ. काका शेवटाला आले होते. तिसऱ्यांदा भगवंत म्हणाले, आनंदा. पाणी आण. आनंद उठला. पात्र घेऊन ओढ्यावर. गेला. आणि बघतो तर पाणी निवळले होते. स्वच्छ. आनंदाला नवल वाटले. त्याने पात्र भरले. भगवंत पाणी प्याले. काकांनी वही मिटली.

"साधु, साधु, साधु," विहार म्हणालं. तीनशे माणसं एका आवाजात. बुद्धरत्न कान देऊन बसला होता. आईचा आवाज तो कितीही गर्दीत ओळखतो. तो त्यात नव्हता.